हरवलेला उंदीर

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गणिताच्या भीतीने कला शाखेत आलेल्यांची आपल्या महाविद्यालयात शिरगणती केली, तर निम्मा वर्ग हात वर करील. त्यात माझाही हात असेल. माझी गोष्ट तर आणखी मजेची आहे. २०२१ साली महाराष्ट्रात दहावीची परीक्षाच रद्द झाली, त्या तुकडीचा मी विद्यार्थी. म्हणजे गणिताचा शेवटचा पेपर मी कधी लिहिलाच नाही. तो पेपर रद्द झाल्याची बातमी आली त्या दिवशी मला मनातून आनंद झाला होता, हे आज लिहितानाही लाज वाटते. कारण त्याच महिन्यात आमच्या घरात एक माणूस कमी झाले होते. त्या माणसाचा आणि गणिताचा काही संबंध असेल असे मात्र तेव्हा कोणी सांगितले असते, तरी मला पटले नसते.

यंदा ऑगस्टमध्ये ग्रंथालयातल्या नव्या पुस्तकांच्या कपाटाशी उभा होतो. शोधत होतो अर्थशास्त्राचे पुस्तक. हाती आले लोकसंख्येच्या गणिताचा छोटा इतिहास सांगणारे एक इंग्रजी पुस्तक. लेखक निकोला बाकाएर हे फ्रेंच गणितज्ञ. प्रकाशन २०११ चे. पुस्तक जगाच्या दृष्टीने जुने झाले असेल, पण आपल्या ग्रंथालयात ते यंदाच आले, तेव्हा आपल्यापुरते ते नवेच! ग्रंथपालांनी माझ्या ओळखपत्राकडे पाहिले, पुस्तकाकडे पाहिले आणि विचारले, "चुकून उचललंस काय रे?" चुकूनच उचलले होते. पण त्यांनी विचारल्यावर परत ठेवणे जिवावर आले आणि मी ते घरी नेले.

या पुस्तकाच्या निमित्ताने गेले चार महिने जे वाचले, समजले आणि जे समजूनही पटले नाही, ते आपल्यापुढे मांडावे असे वाटते. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचे पान उलटता येईल. उपयोजित गणिताची आणि गणिती प्रतिमानांची जी नवी पुस्तके निघत आहेत, ती आपण कला शाखेच्या लोकांनी वाचली पाहिजेत. गणित यावे म्हणून नव्हे, तर ती पुस्तके आपल्यासारख्या वाचकांवाचून अपुरी आहेत म्हणून.

प्रथम, गणिती प्रतिमान म्हणजे काय? इंग्रजीत ज्याला मॉडेल म्हणतात ते. घर बांधण्याआधी पुठ्ठ्याचे छोटे घर करून पाहतात, तसेच जगातल्या एखाद्या गुंतागुंतीच्या व्यवहाराचे समीकरणात केलेले छोटे घर. पुठ्ठ्याच्या घरात माणसे राहत नाहीत, पाऊस पडत नाही, ढेकूण होत नाहीत. पण दार कोठे आले तर उजेड येईल, एवढे त्यावरून कळते. जे महत्त्वाचे ते ठेवायचे, बाकीचे सोडून द्यायचे, हाच या विद्येचा गाभा. आणि काय सोडले हे लक्षात ठेवायचे, हा तिचा धर्म. गोची होते ती या धर्मापाशी.

आता एक खरी हकीकत सांगतो. तिची नाळ आपल्या मुंबईशी जोडलेली आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, हे इतिहासाच्या मित्रांना ठाऊकच आहे. पुढच्याच वर्षी पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्चला प्लेगनेच गेल्या आणि २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. प्लेगचे हे प्रकरण आपण एवढ्यावर मिटवतो. पण प्लेग १८९७ साली संपला नाही. मुंबईत तो पुढे कितीतरी वर्षे दरसाल येत राहिला. थंडीत डोके वर काढायचा, मार्च-एप्रिलात टोक गाठायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ओसरायचा. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने दर आठवड्याला किती माणसे मेली, याचे आकडे सरकारी चौकशीच्या अहवालांत छापून आले. आकडे म्हणजे तरी काय? प्रत्येक आकड्याखाली मांडवीची, काळबादेवीची, परळची माणसे निजलेली.

हे आकडे एकवीस वर्षांनी स्कॉटलंडमध्ये दोघा जणांच्या कामी आले. त्यांतला एक अँडरसन मॅकेंड्रिक. हा डॉक्टर. हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत त्याने बरीच वर्षे काढली होती. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा तो प्रमुख होता. तरुणपणी तो रोनाल्ड रॉसबरोबर आफ्रिकेत मलेरियाच्या मोहिमेवर गेला होता. रॉस म्हणजे १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू शोधून काढणारा. हा रॉस कविता करी आणि कादंबऱ्याही लिही, हे कला शाखेच्या मासिकात मुद्दाम नोंदवतो. गणित तो स्वतःच शिकला आणि त्यातून त्याने एक फार मोठी गोष्ट मांडली: मलेरिया घालवायला शेवटचा डास मारण्याची गरज नाही, डासांची संख्या एका मर्यादेखाली नेली की रोग आपोआप मागे हटतो. "सगळे डास कधी मरतात काय?" असे म्हणून हात बांधून बसणाऱ्यांना हे गणिताने दिलेले उत्तर होते. मॅकेंड्रिकने गणिताची ही दीक्षा रॉसकडून घेतली.

दुसरा विल्यम कर्मॅक. हा रसायनशास्त्रज्ञ. १९२४ साली एडिंबरोच्या प्रयोगशाळेत झालेल्या अपघातात सव्विसाव्या वर्षी त्याचे दोन्ही डोळे गेले. पुढचे सगळे गणित त्याने मनातल्या मनात केले. या दोघांनी १९२७ साली साथीच्या गणितावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यावर आज शंभर वर्षे होत आली तरी जगभरची पुस्तके उभी आहेत.

त्यांची मूळ कल्पना आपल्यालाही समजण्याजोगी आहे. गावातल्या लोकांचे तीन गट करा: ज्यांना रोग होऊ शकतो असे, ज्यांना तो झाला आहे असे आणि ज्यांचा रोग एकदाचा संपला असे, मग बरे होऊन संपो की मरून. रोगी आणि निरोगी जितके एकमेकांना भेटतील तितका रोग वाढणार. पण जसजसा रोग वाढेल तसतसे निरोगी कमी होणार आणि रोगाला नवी माणसे मिळेनाशी होणार. म्हणून साथ चढते, टोक गाठते आणि सगळ्यांना गिळण्याआधीच उतरते. आलेख काढला तर घंटेसारखा दिसतो. या दोघांनी सूत्र मांडले आणि त्याची रेघ मुंबईच्या त्या साप्ताहिक मृत्यूंवर ठेवून पाहिली. रेघ ठिपक्यांवर अशी चपखल बसली की पाहणाऱ्याने थक्क व्हावे! सूत्राप्रमाणे सतराव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, टोक येते. आठवड्याला ८९० मृत्यू. सगळी बेरीज सुमारे ८९००.

मीही थक्क झालो. मुंबईच्या चाळींतला तो आक्रोश एका रेघेत! त्या रात्री जेवताना आजीला हे सगळे सांगितले. आजी चौथी शिकलेली. तिने प्लेग पाहिलेला नाही, पण तिच्या सासूने पाहिला होता. ती म्हणायची, घरात उंदीर पडला की भांडीकुंडी उचलायची आणि माळावर झोपडी घालायची. माणूस आजारी पडण्याची वाट कोणी बघत नसे. एकाच्या आढ्यातून मेलेला उंदीर खाली पडला की अख्खी आळी रिकामी होई. माझे सगळे ऐकून घेऊन आजीने विचारले, "आणि तुझ्या त्या गणितात उंदीर कुठं हाय?"

मी पुस्तक उघडून पाहिले. तीन गट होते, पण तिन्ही माणसांचेच. उंदीर नव्हता.

हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न नव्हता तो. मुंबईतला प्लेग माणसाकडून माणसाला फारसा होत नसे. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून तो होई. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ सालीच हे सांगितले होते आणि १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेतून झालेल्या चौकशीत ते पक्के झाले. त्या चौकशीत शहरभरातले एक लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले. आधी गटारातले मोठे उंदीर मरत, मग घरातले काळे उंदीर, मग माणसे, असा क्रम त्यातून दिसला. आजीच्या सासूला हा क्रम तपासणीवाचून माहीत होता. शिवाय साथ उतरे ती माणसे संपली म्हणून नव्हे, तर ऋतू पालटला म्हणून. नाहीतर पुढच्या थंडीत ती पुन्हा आली कशी असती?

माझा एक बालमित्र शेजारच्या गावी विज्ञान शाखेत गणित शिकतो. त्याला गाठले. त्याने चहा थंड होईपर्यंत कागदावर आकडेमोड केली. तो म्हणाला, "त्या वेळी मुंबईची वस्ती दहा लाखांच्या आसपास. समजा, त्या सगळ्यांनाच प्लेग होऊ शकत होता. मग ही रेघ बसवायची तर प्रत्येक रोगी जेमतेम दोन तास रोग पसरवतो, असे मानावे लागेल. उलट रोगी आठवडाभर रोग पसरवतो असे धरले, तर दहा लाखांतल्या फक्त काही दहा हजारांनाच प्लेग होऊ शकत होता आणि बाकी सगळे अभेद्य होते, असे मानावे लागेल." दोन्ही गोष्टी अशक्य. म्हणजे रेघ बरोबर बसली होती, पण चुकीच्या कारणाने! घंटेसारखा आकार अनेक गोष्टींना असतो; आकार जुळला म्हणून कारण जुळत नाही.

मग मला त्या दोघा जुन्या विद्वानांचा राग आला. पण आणखी शोध घेतल्यावर तो राग गिळावा लागला. १९२७ च्या मूळ निबंधात उंदीर आहे! आलेखाखालीच त्यांनी लिहून ठेवले आहे की, माणसांतला प्लेग हे उंदरांतल्या प्लेगचे प्रतिबिंब आहे असे आम्ही धरून चाललो आहोत. त्यासाठी अमुक अमुक गोष्टी गृहीत धरल्या आहेत. त्यांतली एकही काटेकोरपणे खरी नाही आणि म्हणून हे सूत्र फार ढोबळ समजावे. किती प्रामाणिक माणसे! पुढे काय झाले, तर आलेख देखणा असल्याने एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात जात राहिला. जाताना खालची ती चार वाक्ये गळाली. आणि मुंबईची साथ ही मनुष्यांच्या साथीच्या सिद्धान्ताचा नामी पुरावा म्हणून विद्यार्थ्यांपुढे येऊ लागली. ज्या बाकाएरांच्या पुस्तकापासून मी सुरुवात केली, त्यांनीच २०१२ साली स्वतंत्र निबंध लिहून ही चूक दाखवून दिली; ऋतू आणि उंदीर हिशेबात घेतले. म्हणजे आजीच्या प्रश्नाचे उत्तर गणितज्ञानेच दिले, पण पंच्याऐंशी वर्षांनी.

उंदीर समीकरणात नव्हता, तो टिपेत होता. आणि टीप हरवली. माझा सगळा लेख या एका वाक्यावर उभा आहे.

मित्रहो, आता घरातली गोष्ट सांगतो. ऑक्टोबर २०२० मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली होती की, तज्ज्ञांच्या समितीने गणिती प्रतिमानावरून असा अंदाज केला आहे की, कोरोनाची साथ सप्टेंबरात टोकाला जाऊन गेली आणि फेब्रुवारीपर्यंत ती जवळजवळ संपेल. माझ्या धाकट्या काकांनी ते कात्रण कापून आपल्या डायरीत ठेवले. ताईचे लग्न वर्षभर अडले होते. काका हिशेबी माणूस. फेब्रुवारी नको, एक महिना वर धरू, म्हणून त्यांनी मार्चचा मुहूर्त काढला. लग्न झाले. पुढे काय झाले ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही घराला वेगळे सांगायला नको. एप्रिलमध्ये काका गेले. त्याच महिन्यात आमची परीक्षा रद्द झाली.

ती डायरी काकूने जपून ठेवली आहे. यंदा दिवाळीत मी ती मागून घेतली आणि कात्रण शेवटपर्यंत वाचले. शेवटच्या परिच्छेदात लिहिले होते: लोकांनी खबरदारीचे नियम पाळत राहिल्यास. म्हणजे 'जर' होता! मथळ्यात नव्हता, शेवटी होता. काकांनी मथळा अधोरेखित केला होता.

येथे मी कोणावर आरोप करीत नाही. अंदाज करणाऱ्यांनी अट सांगितली होती. त्या अंदाजात दुसरी मोठी लाट दिसली नाही, हेही नंतर जाहीरपणे मान्य केले गेले. विषाणूचे नवे रूप अधिक वेगाने पसरले, आणि ते आधी समीकरणात कोठून येणार? वर्तमानपत्राला मथळा लहान हवा असतो. काकांना मुलीचे लग्न करायचे होते. प्रत्येकाचे आपापल्या जागी बरोबरच होते. पण या सगळ्या साखळीत एकही कडी अशी नव्हती की जी थांबून म्हणेल, "यात 'जर' कोठे आहे ते आधी वाचा." ती कडी आपण व्हायला हवे होते.

व्याकरणाच्या तासाला आपण संकेतार्थी वाक्य शिकतो: पाऊस पडला तर पीक येईल. गणिती प्रतिमान म्हणजे दुसरे काही नाही. ते एक लांबलचक संकेतार्थी वाक्य आहे. त्याचे पहिले अर्धे गळाले की राहते ते विधान: पीक येईल. संकेतार्थाचे विधानार्थ कसे होते, वाक्याचा अर्थ त्याच्या संदर्भातून सोडवला की काय अनर्थ होतो, हे ओळखण्याचे शिक्षण कोणाला मिळते? आपल्याला! मराठीच्या, इतिहासाच्या, तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तीन वर्षे दुसरे शिकवतात तरी काय?

कोणी म्हणेल, साथीचे उदाहरण एकटेच आहे. तसे नाही. १९८० साली चीनमध्ये क्षेपणास्त्रांच्या नियंत्रणाचे गणित करणाऱ्या सुंग जिआन या शास्त्रज्ञाने तेच गणित लोकसंख्येला लावले. प्रत्येक स्त्रीला सरासरी तीन मुले होत राहिली, तर २०८० साली चीनची लोकसंख्या चारशे कोटींवर जाईल, असे त्यातून निघाले. एक मूल धोरणाच्या मागे जी बळे उभी राहिली, त्यांत हे गणित एक होते. पण त्यापूर्वीच्या दहा वर्षांत चिनी घरांतला जन्मदर सक्तीच्या त्या धोरणावाचूनच झपाट्याने खाली येत होता. आणि क्षेपणास्त्राला मत नसते, माणसाला असते. ते धोरण २०१६ पासून मागे घेतले गेले आणि २०२२ साली चीनची लोकसंख्या घटू लागली. इथेही 'तर' राहिले आणि 'जर' गेला. आकडा खोटा नव्हता. प्रश्न कसा विचारला यात सारे होते.

पण मी गणिताच्या विरुद्ध लिहीत आहे, असा समज कृपा करून करून घेऊ नये. उलट, गणित आपल्याकडे आले की काय होते, याचे एक झळझळीत उदाहरण आपल्या दाराशी आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात १९०७ साली जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणारे, पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेलेले. त्यांनी प्राचीन चांदीची आहत नाणी घेतली आणि वजन करायला सुरुवात केली. कल्पना साधी: नाणे हातोहात फिरते तेव्हा झिजते; जितके जास्त फिरेल तितके हलके होईल. मग वजनावरून ते किती काळ फिरले याचा अंदाज यावा. पण हे खरे कशावरून? म्हणून त्यांनी आपल्या काळातली चलनातली नाणीही जमवून तोलली आणि झीज खरोखर अशीच होते का ते आधी तपासले. नंतर तक्षशिलेच्या नाण्यांवर, मागच्या बाजूचे शिक्के जसे वाढतात तसे सरासरी वजन घटते, हे दाखवले. मुक्या नाण्यांना त्यांनी बोलायला लावले! १९५६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा ग्रंथ आपल्या इतिहास विभागाच्या यादीत आहे. पण तो लिहिणारा माणूस हाडाचा गणितज्ञ होता, हे किती जणांना सांगितले जाते?

कोसंबींच्या या कामात प्रतिमान आहेच. पण तिथे उंदीर हरवलेला नाही. गृहीत काय धरले, ते तपासले कसे आणि कोठे ते लागू पडणार नाही, हे तिन्ही सांगितले आहे. हे त्यांना जमले याचे कारण एकच: समीकरण करणारा आणि मातीत हिंडणारा माणूस एकच होता. आपल्याकडे ही दोन माणसे आता दोन इमारतींत बसतात आणि त्यांची गाठ फक्त एस. टी. स्टँडवर पडते.

आता पुस्तकांकडे येतो. या विषयावर आज मला दोन प्रकारची पुस्तके दिसतात. एक पाठ्यपुस्तके. जगत नारायण कपूर यांचे १९८८ चे गणिती प्रतिमानांवरचे पुस्तक आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. लोकसंख्या, औषधे, अर्थव्यवहार, प्रदूषण, सगळीकडे एकच समीकरण कसे डोकावते ते त्यात छान दिसते. पण अशा पुस्तकांत घाई फार. "समजा की" म्हणून दोन ओळींत जग उभे करायचे आणि पुढची दोन पाने ते सोडवायचे. मला वाटते, प्रमाण उलटे हवे. उत्तर काढण्याचे काम आता यंत्रे करतात. "समजा की" या शब्दांपाशी थांबण्याचे काम यंत्र करीत नाही.

दुसरा प्रकार इशारा देणाऱ्या पुस्तकांचा. कॅथी ओ'नील यांचे २०१६ चे पुस्तक, नोकरी, कर्ज आणि शिक्षा ठरवणारी गणिती सूत्रे गरिबांवर कसा अन्याय करतात, ते सांगते. एरिका थॉम्पसन यांचे २०२२ चे पुस्तक, प्रतिमानांच्या देशातून खऱ्या जगात परत कसे यावे, याचा विचार करते. ही दोन्ही पुस्तके लिहिणाऱ्या स्त्रिया स्वतः गणितात मुरलेल्या आहेत, म्हणून त्यांच्या टीकेला वजन आहे. अशी पुस्तके आपल्याला वाचता येतील. समीकरणे जवळजवळ नाहीत. मात्र त्यांत धोका असा की, ती वाचून आपल्याला फुकटचा अहंकार चढतो. गणितवाले चुकतात, एवढेच लक्षात राहते. चुकतात हे खरे. पण रॉसने गणित केले नसते, तर सगळे डास मारता येत नाहीत म्हणून एकही मारला गेला नसता. नुसती टीका करायला अर्धे वाचन पुरते. टीका खरी ठरायला समीकरणापर्यंत जावे लागते. आजीने प्रश्न विचारला, पण रेघ चुकीच्या कारणाने बसली आहे हे सिद्ध केले माझ्या मित्राच्या पेन्सिलीने. दोन्ही लागतात.

आणि या सगळ्यांतले एकही पुस्तक मला मराठीत मिळाले नाही. येथे मात्र तक्रार करतो. ज्या साथीच्या आकड्यांवर ही विद्या उभी राहिली, ती माणसे आपली, ते शहर आपले, आणि त्यांची गोष्ट वाचायला मला इंग्रजी कोश घेऊन बसावे लागले. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात 'लीलावती'त भुंगे, मोर, कमळे घेऊन गणित घातले. लोकांच्या ओळखीचे जग घेऊन गणित सांगण्याची ही आपली जुनी रीत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण महाविद्यालयात पेढे वाटले. पेढे गोड होते. पण साथीचे गणित सांगणारे पन्नास पानांचे एक मराठी पुस्तक आपल्या कपाटात नसेल, तर अभिजात भाषेत आपण पुढच्या साथीची बातमीसुद्धा नीट वाचू शकणार नाही.

मग करायचे काय? सरकारने अमुक करावे, विद्यापीठाने तमुक करावे, असे लिहून लेख संपवणे सोपे आहे. त्यापेक्षा आपल्या आवाक्यातल्या तीन गोष्टी सुचवतो. पहिली: ग्रंथालयाच्या पुढच्या खरेदीत या विषयाची चार-पाच पुस्तके घ्यावीत आणि ती अर्थशास्त्राच्या कपाटात न लपवता नव्या पुस्तकांच्या कपाटात वर्षभर राहू द्यावीत. दुसरी: शेजारच्या विज्ञान महाविद्यालयाशी बोलून महिन्यातून एकदा संयुक्त वाचन ठेवावे. त्यांनी समीकरण समजावून द्यावे, आपण त्यात कोण नाही ते विचारावे. तिसरी: आपल्या भित्तिपत्रकात दर पंधरा दिवसांनी वर्तमानपत्रातला एक गणिती अंदाज लावावा, पावसाचा, पिकाचा, निवडणुकीचा, कसलाही; आणि त्यातला 'जर' लाल शाईने अधोरेखित करावा. या तिसऱ्या कामाला पैसा लागत नाही. लाल पेन मी देईन.

प्राध्यापक मंडळींपैकी कोणी म्हणतील की, अभ्यासक्रम आधीच संपत नाही, त्यात हे कोठे बसवणार? सर, रास्त आहे. पण अभ्यासक्रम न संपल्याने आजवर कोणाचे फारसे बिघडल्याचे ऐकिवात नाही. कात्रण शेवटपर्यंत न वाचल्याने बिघडते, हे मी घरी पाहिले आहे.

पुस्तक परत करायला गेलो तेव्हा ग्रंथपालांनी विचारले, "समजलं काही?" मी म्हटले, "अर्धं." ते म्हणाले, "मग पुन्हा ने." पुन्हा आणले आहे. रात्री आजी शेजारी बसते. मी एक परिच्छेद वाचून तिला आमच्या बोलीत सांगतो आणि थांबतो. ती दरवेळी तोच प्रश्न विचारते, यात उंदीर कुठे आहे? बहुतेक वेळा तो असतो, पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. काकांच्या कात्रणात तो शेवटच्या परिच्छेदात होता. आता मी वाचायला खालून सुरुवात करतो.